मी रिकामी आहे, बघून घ्या

मी बंदूक बोलतेय. झालं, लगेच कपाळाला आठ्या पडल्या ना? पडू द्या. माझ्या जातीनं शाळांत आणि भरबाजारात काय काय करून ठेवलंय ते मला ठाऊक आहे, आणि मी ते नाकारत नाही. माझी गोळी हरणाला लागली तर हरीण मरतं, माणसाला लागली तर माणूस मरतो. पण बंदुकीवर राग धरणारे पुष्कळ आहेत. बंदुकीला आलेला राग आजवर कुणी ऐकलेला नाही. तो आज मी सांगणार आहे, आणि सांगून होईपर्यंत कृपा करून मध्ये बोलू नका.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर झाक असलेली पोलादी नळी आणि चापाखाली एक खटका. तो खटका पुढे ढकलला की माझं पोट उघडतं आणि आत काडतूस आहे की नाही ते कुणालाही दिसतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझं सगळं दुःख त्या उघड्या पोटाशी येऊन थांबणार आहे.

आगगाडीनं मी उत्तरेला आले, मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी. इथे सहा महिने बर्फ आणि उरलेले सहा महिने बर्फाच्या गप्पा. लोखंडी सामानाच्या दुकानातून मला एमिल साल्मेला या खाणकामगारानं घेतलं. फिनलंडहून आलेला, मोजकं बोलणारा माणूस. आठवडाभर तो जमिनीच्या पोटात असायचा आणि सुट्टीच्या दिवशी मला खांद्याला लावून जंगलात. त्याच्या घरात हिवाळाभर जे मटण शिजलं ते माझ्या जिवावर. शोभेसाठी मला भिंतीवर कुणी टांगलं नव्हतं.

इथे पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या दिवशी शाळा बंद, दुकानं अर्धी बंद, आणि लग्न काढायची तर कुणाची हिंमतच नाही. आदल्या दिवशी सगळे आपापल्या जंगलातल्या लाकडी खोप्यांवर जमतात. आधी वाफेचं स्नान, मग लालेलाल झालेले चेहरे घेऊन पेस्ट्या, म्हणजे मटण-बटाटा भरून भाजलेल्या जाडजूड करंज्या, मग कॉफी आणि वेलची घातलेला पाव. घरातल्या म्हाताऱ्यानं शिकार सोडायचं ठरवलं असेल, तर तो त्याच वेळी आपली बंदूक पुढच्या पिढीला देतो.

देण्याची एक रीत आहे. देणारा खटका ढकलून माझं पोट उघडतो, आत बोट घालतो, आणि मला समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरतो. घेणारा वाकून बघतो, तोही बोट घालतो आणि म्हणतो, "रिकामी." एवढं झालं की हात बदलतात. कुंपण ओलांडताना मला दोस्ताच्या हातात द्यायची असली तरी हेच. जो विसरेल त्यानं मोसमभर खोपीवरची भांडी घासायची. एमिलनं मला याच रीतीनं आपल्या मुलाच्या, आर्विडच्या हातात दिलं. आर्विड तेव्हा मिसरूडही न फुटलेला पोरगा होता. म्हणून मी त्याला अजून 'तो' म्हणते, ऐंशीच्या घरात गेला तरी.

आर्विड नेमबाज म्हणून यथातथाच. त्याची बायको हिल्मा त्याच्याहून सरस. ती खोपीवर सगळ्यांदेखत सांगायची, "आमच्या ह्यांना हरीण दिसलं की आधी शिंक येते, मग चष्मा सापडत नाही, आणि मग हरीण कंटाळून निघून जातं." आर्विड म्हणायचा, "म्हणून तर जंगलात हरणं उरलीत. सगळी तुझ्या हाती लागली असती तर संपलीच असती." दोघं मला वाटून घ्यायची. गावात अशी नवरा-बायको दुसरी नव्हती.

गेल्या वर्षी बर्फ वितळता वितळता हिल्मा गेली. घर एकदम गप्प झालं. आर्विडनं मग ठरवलं, आता शिकार पुरे. पक्ष्यांची बंदूक त्यानं पुतण्याला दिली, लहानगी शेजाऱ्याला दिली, आणि मी, सगळ्यांत लाडकी, त्याच्या नातीसाठी राखून ठेवली. नात काइसा. रस्त्यावरचा बर्फ सारणारा अजस्र ट्रक चालवते, आवाजही त्या ट्रकला शोभेलसा. त्याच वर्षीच्या चौदा नोव्हेंबरला खोपीवर आजोबांच्या हातून मी तिच्या हातात जायची होते. आर्विडला आता वाट बघण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

तेवढ्यात तो गुडघा दाखवायला दवाखान्यात गेला. तिथे दक्षिणेकडच्या शहरातून आलेली नवी डॉक्टरीण होती. गोड बोलणारी, मन लावून ऐकणारी. तिनं विचारलं, झोप कशी आहे? घरात कोण असतं? बंदुका आहेत का? आमचा आर्विड एरवी "तुला काय करायचंय?" म्हणाला असता. पण त्या दिवशी कुणीतरी आपुलकीनं विचारतंय म्हटल्यावर म्हातारा विरघळला. नको ते बोलला. म्हणजे खरं ते बोलला.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आर्विड मला तेल लावत बसला होता. काइसा कॉफी करत होती. बाहेर गाडी थांबली.

"आर्विडकाका, आहात का?"

"दार उघडंच आहे, वेस. पाय पुसून ये. कॉफी होतेच आहे."

वेस्ली म्हणजे शेरीफच्या, इथल्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीतला शिपाई. बाप खाणीत दगावल्यावर हा पोरगा आमच्याच खोपीवर वाढला. पहिलं हरीण त्यानं माझ्या नळीनं पाडलं होतं. त्याच्या मागे आणखी एक नवखा शिपाई होता.

"आज कॉफी नको, काका."

"कॉफी नको? कोण मेलं?"

"मेलं कुणी नाही. कोर्टाचा हुकूम आहे. तुमच्या बंदुका न्यायच्या आहेत. डॉक्टरनं अर्ज केलाय की तुम्ही... स्वतःला काही करून घ्याल."

काइसानं किटली आपटली. "कोण? आजोबा? त्यांनी परवाच तीन गाड्या लाकडं फोडून ठेवलीत हिवाळ्यासाठी! मरणारा माणूस सरपण साठवतो का?"

"मला कागद वाचून दाखवावा लागतो, काइसा. नियम आहे." आणि तो वाचायला लागला. रुग्ण एकटा राहतो. रुग्णाला झोप नाही. रुग्ण आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकत आहे. रुग्ण मृत पत्नीची उशी रोज रात्री आपल्या शेजारी मांडतो आणि तिच्याशी...

"बस," आर्विड म्हणाला. "ते नको वाचूस."

पण नवख्या शिपायाचे डोळे तोवर झोपायच्या खोलीकडे वळले होते. दार अर्धवट उघडं होतं. आर्विड उठला, लंगडत गेला, ते दार ओढून घेतलं आणि परत येऊन बसला. काइसालाही हे ठाऊक नव्हतं. हिल्मा आणि तो, या दोघांपलीकडे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आता कोर्टातल्या कारकुनालाही ठाऊक झालं होतं.

"वाटून टाकतात म्हणजे काय रे?" काइसा वेस्लीच्या अंगावर गेली. "या गावात कुठला म्हातारा वाटत नाही? तुझ्या आजोबांची बंदूक तुझ्याकडे कशी आली? आभाळातून पडली? सांगितलं नाहीस तू त्यांना?"

"सांगितलं. ते म्हणाले, कोर्टात सांगा."

"आणि तू गप्प बसलास."

वेस्ली टेबलाशी आला. त्यानं मला टेबलावरून उचललं. आणि मग जे झालं ते आठवलं की अजून माझी नळी तापते. लहानपणापासूनच्या सवयीनं त्यानं खटका ढकलला, माझं पोट उघडलं, आत बोट घातलं आणि मला आर्विडसमोर धरलं. आणि आर्विड, जन्मभराच्या सवयीनं, वाकला. चष्मा सावरला. आत बोट घातलं.

"रिकामी," तो म्हणाला.

म्हणाला आणि त्याच्या ध्यानात आलं. वेस्लीच्याही आलं. ज्या रीतीनं मी काइसाच्या हातात जायची, त्याच रीतीनं मी कोठडीत निघाले होते. मेल्यांनो, निदान ती रीत तरी सोडायची होतीत! नुसतं हिसकावून नेलं असतंत तर मला इतकं लागलं नसतं.

तेव्हापासून मी कचेरीच्या तळघरात आहे. लोखंडी जाळीचं दार, चापाला बांधलेली चिठ्ठी, आणि शेजारी चोरांकडून पकडलेली पिस्तुलं. असली संगत मला जन्मात मिळाली नव्हती.

पुढचं मला वेस्लीकडून कळलं. तो जाळीशी येऊन उभा राहतो आणि बोलतो. मनाला टोचणी लागलेली माणसं बंदुकीशीही बोलतात. हुकूम एका वर्षाचा होता, पण आर्विडला कोर्टात त्याविरुद्ध दाद मागता येत होती. काइसानं त्याला कोट घालून नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधीच्या नोकरीत असाच एक रुग्ण हसत हसत सगळं वाटून घरी गेला, आणि परत आलाच नाही. मी तिला खोटारडी म्हणणार नाही. तिचं दुःख खरं असेल. पण बाई, तो दुसरा माणूस होता! काइसाला एक फोन करायला काय झालं होतं? "तुझे आजोबा बंदुका का वाटतायत ग?" एवढं विचारलं असतंस तर तुला खोपीवर पेस्टी खायला बोलावलं असतं आम्ही.

न्यायाधीशही काही दुष्ट नव्हते. ते म्हणाले, "मिस्टर साल्मेला, रिवाजाचं मला पटतं. आता फक्त त्या उशीबद्दल तुमच्या शब्दांत सांगा. माझी खात्री पटली की बंदूक आजच परत."

आर्विड उभा राहिला. "साहेब, तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता ते मी विचारलं का तुम्हाला?"

मागे लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. "तुम्ही सांगितलं नाहीत तर मला हुकूम कायम ठेवावा लागेल."

"ठेवा. एकदा मी ते दार लावलेल्या खोलीत बोललो, तर ते साऱ्या गावात झालं. बायकोचं आणि माझं जे आहे ते मी आता बंदुकीच्या बदल्यात विकणार नाही."

झालं. संपला खटला.

हे ऐकलं तेव्हा मी आधी त्याच्यावरच चिडले. अरे म्हाताऱ्या, चार वाक्यं बोलला असतास तर काय बिघडलं असतं? पोरीच्या हातात पडले असते ना मी! काइसाही म्हणे बाहेर येऊन त्याच्यावर ओरडली. मग तिथेच कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून रडली. या देशात बंदूक बाळगायचा हक्क घटनेतच लिहून ठेवलाय, असं ही माणसं ऊठसूट एकमेकांना सुनावत असतात. आर्विडनं त्या हक्काचं नाव कधी काढलं नाही. त्याला तो श्वासासारखा वाटायचा. त्यानं गुन्हा केला नव्हता, कुणाला धमकावलं नव्हतं, तरी आता त्या हक्कासाठी मनाचं कपाट परक्यांपुढे रिकामं करून दाखवायचं होतं. तसं करून मिळालेली वस्तू हक्काची कसली? ती मेहरबानी. मला उशिरा कळलं, पण कळलं.

पंधरा नोव्हेंबर उजाडला. सगळी कचेरी शिकारीला गेली. मला कुलपात घालणारेच खांद्याला बंदुका लावून गेले, आणि मी तळघरात बसून दूरचे बार ऐकत राहिले. दुपारी वेस्ली शिकारीच्या नारिंगी जाकिटातच आला. म्हणाला, "काका आणि काइसा मचाणावर बसलेत. रिकाम्या हातांनी. मी माझी दुसरी बंदूक देऊ केली तर काइसा म्हणाली, तुझ्या हातची बंदूक मी कुत्र्यालाही देणार नाही. मोठा नर समोरून गेला म्हणे. दोघं बघत बसली. काका शिंकले." एवढं बोलून तो तोंड फिरवून उभा राहिला. मला त्याची दया आली नाही.

फेब्रुवारीत आर्विड गेला. स्वतःला काहीही न करता, स्वतःच्या अंथरुणात, हृदय थांबून. काइसाला तो सकाळी सापडला. त्याचा हात कुठे होता ते वेस्लीला ठाऊक असणार, कारण तोही गेला होता तिथे. पण ते त्यानं मला सांगितलं नाही. एवढी एक गोष्ट तो शिकला.

आमच्याकडे हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते, कुदळ चालत नाही. म्हणून माणसं दफनभूमीतल्या दगडी खोलीत, कुलूप लावून, वसंतापर्यंत ठेवतात. आर्विड तिथे आहे. मी इथे आहे. ज्याच्यापासून धोका तो गेला, ज्याला धोका तोही तोच, तरी हुकूम अजून जिवंत आहे. काइसा कागदांमागे फिरते आहे. तिला सांगतात, या आठवड्यात नाही, पुढच्यात बघू.

एक दिवस ती येईल. हे जाळीचं दार उघडेल. तेव्हा वेस, ऐक. माझा खटका ढकल, पोट उघड, मला तिच्यासमोर धर. कितीही माणसं उभी असली तरी चालेल. मला सगळ्यांदेखत उघडायचं, आत बोट घालायचं, खात्री करून घ्यायची. मी बंदूक आहे, माझ्या बाबतीत ते केलंच पाहिजे.

पण माणसाला कधीही असं उघडू नका रे. तो बंदूक नव्हता.