तुडतुड्याचं औषध

टच्.

दुपारच्या मुक्या घरात तेवढाच आवाज झाला. कामिनीनं मोनूच्या डोक्यातून फणीवर आलेली ऊ अंगठ्याच्या नखावर चिरडली.

"मम्मी, मोठी होती का?" सात वर्षांच्या मोनूनं विचारलं.

"हत्तीच होती, बाई. सोंड तेवढी राहिली."

मोनू खिदळली. दारात तांदूळ निवडत बसलेली सासू, सत्यभामाबाई, मात्र हसली नाही. सकाळीच नळावर मोनूच्या वर्गातल्या रिताच्या आईनं तिला चारचौघींत सुनावलं होतं, "तुमच्या नातीले आमच्या रिताजवळ बसू देऊ नोका. डोक्यात बजार भरला हाये तिच्या." घागर घरी पोचायच्या आधी बायकांचं हसू घरी पोचलं होतं.

"किती दिवस चालन हे कुटणं?" सासू शेवटी बोलली. "अख्ख्या आंधळगावात नाक कापलं माहं."

"कायचं नाक, आत्याबाई? उवा हायेत, चोरी नाही केली पोरीनं. नर्सबाईनं सांगतलं ना, डोक्याले डोकं लागलं का चढतात. लिखा फुटून नवीन निघतात, म्हणून पंधरा दिवस तरी फणी सोडाची नाही."

"नर्सबाईले नाही जा लागत आपल्या नळावर."

कामिनीनं उशांच्या खोळी, चादरी गोळा केल्या आणि घरामागच्या तळ्यावर, बोडीवर, धुवायला निघून गेली.

परतली तेव्हा दाराच्या आतच तिचं नाक झोंबलं. धानावर तुडतुड्याची कीड पडली की तिचा नवरा चंद्रकुमार पाठीवर पंप घेऊन जे औषध मारतो, त्याचा वास. शेतातल्या बांधीतला वास घरात कसा?

मोनू खाटेवर होती. डोक्याला ओला टॉवेल घट्ट बांधलेला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ.

"मम्मी, आग होऊन राहिली."

"काय लावलं हिले?" कामिनी किंचाळली.

"थोडंसंच त लावलं, पाण्यात मिसळून," सासू म्हणाली. "धानाचे किडे मरतात, उवा नाही मरनार का?"

कामिनीनं टॉवेल ओरबाडून अंगणात फेकला, फ्रॉक टराटरा फाडून काढला. पोरीला न्हाणीत बसवून साबण, पाणी, पुन्हा साबण. सासू तांब्या घेऊन पुढे झाली.

"हात लावू नोका तिले! माही पोरगी हाये, बांधी नाही!"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या घरात तिचा आवाज एवढा चढलेला भिंतींनीही ऐकला नव्हता. मोनू ओकली. चंद्रकुमार शेतातून चिखलाच्या पायांनीच धावत आला. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये मोनू, आणि कामिनीच्या हातातल्या पिशवीत ती बाटली.

दवाखान्यात डॉक्टरनं बाटलीवरचं विषाचं लाल चिन्ह बोट ठेवून तिला दाखवलं. "वाचता येतं ना?" मला कशाला दाखवता, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सलाईनची सुई टोचलेला तो चिमुकला हात तिच्या हातात होता. तो हात गार होता. ती त्यावर फुंकर घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोनू घरी आली. उतरली नव्हती ती कामिनीची आग. मोनूला खाटेवर निजवून ती फणी घेऊन सासूपुढे उभी राहिली.

"बसा."

"काहून वं?"

"बसा म्हटलं ना."

तिनं सासूचा अंबाडा सोडला. कानामागे केसाकेसाला लिखा चिकटल्या होत्या, तांदळाच्या कणीसारख्या. रोज रात्री मोनू याच डोक्याला डोकं लावून, गळ्यात हात टाकून गोष्टी ऐकत झोपायची.

"बजार इथं भरला हाये, आत्याबाई. सांगू काय उद्या नळावर?"

फणी रुतत होती. कामिनी मुद्दाम रुतवत होती. सासूचे खांदे हलायला लागले.

"मले काय मालूम, बाई, थे एवढं जहर रायते म्हणून? मालूम असतं त लावलं असतं का? जीव हाये थे पोरगी माहा."

कामिनीचा हात ढिला पडला. म्हातारी शाळेत गेली नव्हती. लाल चिन्ह तिला काय कळणार? नळावरच्या त्या हसण्यानं तिची मती गेली असेल. कालपासून पहिल्यांदाच कामिनीनं श्वास सोडला, आणि फणी जरा हळू फिरू लागली.

खाटेवरून मोनू दोघींकडे पाहत होती.

"मम्मी," ती म्हणाली, "औषध लावताना आजीनं हाताले प्लास्टिकची पन्नी बांधली होती. तोंडालेबी फडकं बांधलं होतं. कायले बांधलं होतं वं?"