बंद काचेवरचा कोड

जेवणाच्या सुट्टीत शीतगृहाच्या कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पॅकिंगच्या बायका बाकांवर चढून उभ्या होत्या, हमाल एकमेकांच्या खांद्यांवर हनुवट्या टेकवून बघत होते, आणि मधल्या टेबलावर एक मेलेला फोन पडला होता. गोठणखोलीतून नुकत्याच बाहेर आलेल्या फोर्कलिफ्टवाल्याचा. पडदा काळाठिक्कर.

"गेला?" कोडमहाराजांनी विचारलं.

"गेला की! सकाळी अर्ध्याहून जास्त भरलेला होता."

"गेला नाही. झोपलाय." महाराजांनी फोनच्या पाठीवर एक चंदेरी स्टिकर चिकटवला आणि आवाज चढवला. "कंपनीनं प्रत्येक फोनात एक चोरकप्पा ठेवलाय. त्यात अर्धी बॅटरी राखीव! तुम्हाला सांगितलं कुणी? नाही सांगणार. सांगितलं तर चार्जर कोण विकत घेणार? दाबा. स्टार, तीन, तीन, सात, शून्य, हॅश."

"अहो, पण पडदाच बंद आहे. दाबायचं कुठं?" पॅकिंगच्या मावशींनी बाकावरून विचारलं.

"मावशी, दार बंद असलं म्हणून आपण ठोठावायचं सोडतो का?"

हे उत्तर ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याचा अर्थ कुणाला लागला नव्हता, पण ते भारी वाटलं होतं. फोर्कलिफ्टवाल्यानं काळ्या काचेवर अंदाजानं बोट नाचवलं.

"आता दोन्ही हातांत धरा. छातीशी घट्ट. डोळे मिटा. मनात शंका आणू नका, शंकेनं सिग्नल तुटतो."

फोर्कलिफ्टवाला फोन उराशी धरून तान्ह्या पोराला जोजवल्यासारखा डुलू लागला. महाराजांनी तेवढ्या वेळात तीन स्टिकर विकले. मग म्हणाले, "लावा!" बटण दाबलं, पडदा उजळला, आणि कोपऱ्यात आकडा आला. अडतीस टक्के.

कँटीन टाळ्यांनी दणाणून गेलं.

दारात डबा घेऊन उभी असलेली एकटीच टाळ्या वाजवत नव्हती. ती मिस्त्रींची लेक. वरच्या मजल्यावरच्या तपासणीखोलीत तिचं काम. थर्मामीटर, नमुने आणि सुट्टीत एखादं पुस्तक, असा तिचा दिवस. तिचे वडील या शीतगृहाचे मिस्त्री होते. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. गेले ते घरी, झोपेत. त्यात कुणाची चूक नव्हती. तिनं शोधून पाहिली, सापडली नाही. यंत्रघरातल्या खुंटीवर त्यांची कानटोपी अजून तशीच होती. ती काढायला कुणाचा हात धजावला नव्हता, तिचाही नाही.

कोडमहाराज हे अर्थातच खरं नाव नव्हे. मागच्या वर्षापर्यंत हा माणूस कोपऱ्यावर फोनची कव्हरं विकत असे. कव्हरांचा धंदा बसला, तशी त्याला विद्या प्राप्त झाली. आता पांढरा शर्ट, गळ्यात हेडफोन, आणि जिभेवर साखर. खुद्द मॅनेजरसाहेब त्याच्या नादी लागले होते. गाडीची किल्ली घरी विसरली तेव्हा साहेबांनी महाराजांच्या सांगण्यावरून बायकोला फोन लावला, तिला घरून रिमोटचं बटण फोनपाशी दाबायला सांगितलं, आणि आपला फोन गाडीच्या दाराला लावून भर रस्त्यात उभे राहिले. दार हललंसुद्धा नाही. महाराज म्हणाले, "वहिनींनी मनापासून दाबलं नसणार." साहेबांनी ते घरी जाऊन वहिनींना सांगितलं. त्यानंतर त्या घरात कोण कोणाशी बोलत होतं, कुणास ठाऊक.

इथवर सगळी गंमतच होती. गंमत संपत होती ती चार नंबरच्या दाराशी.

चार नंबर ही सगळ्यात मोठी गोठणखोली. वाटाण्याची खोकी छतापर्यंत रचलेली. दार हातभर जाड, ते लागलं की आतला आवाज बाहेर येत नाही. म्हणून आत एक बटण असतं, ते दाबलं की बाहेर दारावरची धोक्याची घंटा वाजते, आणि दार ढकलून उघडायचा एक दांडा. वडील असेपर्यंत रोज सकाळी ते प्रत्येक खोलीत शिरायचे, दार लावून घ्यायचे, आतून घंटा वाजवायचे, आणि बाहेरच्या माणसानं दार उघडायचं. पोरं हसायची. "मिस्त्री आपला गजर लावून बघतायत!" ते गेले आणि गजरही थांबला. चार नंबरची घंटा महिन्याभरापूर्वी मुकी झाली, दांड्यावर बर्फ चढला. आणि संध्याकाळच्या पाळीला त्या खोलीत एकटा काम करायचा तो तिचा धाकटा भाऊ.

ती साहेबांकडे तीनदा जाऊन आली होती.

"करू गं," साहेब म्हणाले होते. "वायरमनला निरोप धाडलाय. आणि एवढी काय घाई? पोरांकडे कोड आहे की आता."

भावाचं तर विचारूच नका. "ताई, एकशेबारा लावला की झालं. नेटवर्क नसलं तरी लागतो, महाराज म्हणाले. स्टिकर लावला की थेट उपग्रहाला!"

"आणि फोनच बंद पडला तर?"

"मग तीन तीन सात शून्य. तू पाहिलंस ना डोळ्यांनी?"

पाहिलं होतं खरं. पण तिनं आणखीही एक पाहिलं होतं. कोडनं जिवंत झालेला प्रत्येक फोन गोठणखोलीतून आलेला होता. शेजारच्या चहावाल्याचा फोन घरी चार्ज करायचा राहिला म्हणून बंद पडायचा. त्यानं कोड दाबदाबून काचेला खळगा पाडायचा बाकी ठेवला होता, तरी तो काही उठला नाही. महाराज म्हणाले, त्याची भाषा शुद्ध नाही.

त्या संध्याकाळी तिनं आपला फोन चार नंबरमधल्या खोक्यावर ठेवला आणि बंद पडल्यावर बाहेर आणला. कोड नाही, स्टिकर नाही. नुसता स्वेटरच्या आत काखेत धरला आणि पुस्तकाची दहाएक पानं वाचली. फोन चालू झाला. तिनं तो भावापुढे धरला.

भावानं तो उलटसुलट करून पाहिला. मग त्याचा चेहरा खुलला. "अगं, माझा स्टिकर तुझ्या शेजारीच होता की! लहर पोचली असणार."

तिनं कपाळाला हात लावला. पण रागावली नाही. एकट्यादुकट्याला पटवून भागणार नव्हतं. जिथं टाळ्या पडल्या, तिथंच उत्तर द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तीच गर्दी, तेच टेबल. ती पुढे झाली. "महाराज, मला शिकायचंय. दोन फोन घेऊ?"

"घ्या ना, ताई! वाचणाऱ्या माणसाला विद्येची ओढ असणारच."

मावशींच्या मुलीचा आणि फोर्कलिफ्टवाल्याचा, असे दोन गोठून बंद पडलेले फोन आले. मुलीच्या फोनला स्टिकर लागला. मिस्त्रींच्या लेकीनं स्वतः कोड दाबला, डोळे मिटले, श्रद्धेनं ओठसुद्धा हलवले. फक्त फोन छातीशी न धरता वाटाण्याच्या गोठलेल्या पाकिटांवर ठेवला. फोर्कलिफ्टवाल्याच्या फोनचा स्टिकर काढून टाकला, आणि तिनं त्याला सांगितलं, "काखेत धरा. आणि मनात हवी तेवढी शंका आणा."

"कसली आणू?"

"ह्या माणसाची आणा," मावशी म्हणाल्या आणि खसखस पिकली.

थोड्या वेळानं दोन्ही बटणं दाबली. शंकेखोर फोन झगमगत उठला. श्रद्धाळू फोन पाकिटांवर गार पडून राहिला.

"बर्फावर ठेवल्यावर विद्या कशी चालेल?" महाराज पटकन म्हणाले.

"हेच तर," ती म्हणाली. "थंडीनं बॅटरी आखडते. आतली रसायनं सुस्तावतात, जोर पुरत नाही, म्हणून फोन भरलेला असूनही बंद पडतो. ऊब मिळाली की जी होती तीच बॅटरी परत कामाला लागते. चोरकप्पा नाही काही. छातीशी धरायला लावता ना तुम्ही, सगळं काम ती छाती करते. कोड म्हणाल, तर काही जुन्या फोनांत त्यानं बोलण्याचा आवाज सुधारायचा. त्यात बॅटरी उलट जास्त जायची."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. महाराजांनी हात वर केला. "बॅटरीचं सोडा! बॅटरी ही प्राथमिक विद्या. एकशेबाराचं काय? नेटवर्क नसो, सिम नसो, जमिनीखाली शंभर हात असा. माझा स्टिकर असला की लागलाच!"

"चला तर मग," ती म्हणाली. "चार नंबरमध्ये. तुम्ही आणि मी."

महाराजांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच अडकलं. पण मागं पन्नास डोळे होते, आणि सगळ्यांत आनंदानं चमकणारे मॅनेजरसाहेबांचे. "वा! जा, जा, महाराज! एकदा सोक्षमोक्ष होऊनच जाऊ दे."

ती यंत्रघरात गेली. जाड कोट चढवला, आणि क्षणभर थांबून खुंटीवरची कानटोपी काढली. टोपीला तेलाचा वास होता. तिनं ती कानांवरून नीट ओढून घेतली.

दाराशी तिनं भावाला उभं केलं. "हात कडीवरून काढायचा नाही. एकशेबारा लागला, तर मी त्यांना तुझा नंबर देईन. त्यांचा फोन आला की उघड. नाही आला तर दहा मिनिटांनी उघड. दुसरं काही नाही."

"येईल गं फोन," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज मात्र नेहमीपेक्षा बारीक होता.

दार लागलं. बाहेरचा गलका कुणी कापून टाकावा तसा बंद झाला. आत पंख्यांची घरघर आणि तोंडातून निघणारी वाफ.

"लावा," ती म्हणाली.

महाराजांनी एकशेबारा दाबला. पडद्यावर सेवा उपलब्ध नाही असं आलं. त्यांनी फोन उंच धरला, खोक्यावर चढून धरला, दाराला टेकवून धरला. स्टिकरवर अंगठा घासला.

"का लागत नाही, सांगू?" ती म्हणाली. "एकशेबारा ही फार चांगली सोय आहे. आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तर तो दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो. फोनला कुलूप असलं तरी लागतो. पण कुठला तरी टॉवर फोनला दिसावा लागतो. ह्या भिंती आतून-बाहेरून पत्र्याच्या आहेत. इथं कुणाचाच दिसत नाही."

"ताई, दार उघडायला सांगा."

"फोन करा ना."

"थट्टा करू नका हो!" त्यांनी दार बडवायला सुरुवात केली. मग घंटेचं बटण दाबलं. दाबत राहिले. दांड्याला खांदा लावला. बर्फ करकरला, दांडा हलला नाही. मागं वळले तेव्हा महाराजपण पार उतरलं होतं आणि समोर फोनची कव्हरं विकणारा, भेदरलेला एक मध्यमवयीन माणूस उभा होता. "ह्या खोलीत... ही घंटा खरंच वाजत नाही?"

"महिनाभर. दुरुस्त करत नाहीत, कारण पोरांकडे तुमचा कोड आहे."

फोन त्याच्या हातात आपसूक विझला. त्याचे दात वाजू लागले, तसा तिनं आपला गळपट्टा सोडून त्याला दिला.

"मला वाटलं, कुणाचं काय जातंय," तो पुटपुटला. "फोन चालू झाल्यावर लोक खूश होतात."

"इथं रोज संध्याकाळी माझा भाऊ असतो," ती म्हणाली.

तेवढ्यात दार खाडकन उघडलं. उजेड, गलका आणि कडीला लोंबकळलेला भाऊ. चेहरा पांढराफटक.

"दहा मिनिटं झाली?" तिनं विचारलं.

"नाही. चारच झाली असतील." त्याला धाप लागली होती. "फोन येईना. कान लावला, तर आतलं काहीसुद्धा ऐकू येईना. ताई, काहीसुद्धा नाही! तुम्ही आत आवाज केलात का?"

"ह्यांनी दार फोडायचं बाकी ठेवलं होतं."

भावानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा आपल्या फोनकडे. मग नखानं स्टिकरची कड उचलली आणि तो सोलून काढला.

गर्दी महाराजांवर धावून जाण्याच्या बेतात होती. मावशींनी तर बाही सरसावली होती. ती मध्ये आली. "मारू नका. पैसे परत घ्या आणि जाऊ द्या. ह्यांनी फसवलं हे खरं, पण मेलेल्या काचेवर बोटं नाचवताना एकानंही विचारलं नाही, बंद फोनला कोड कळणार कसा? मावशींनी तेवढं विचारलं, तर आपण महाराजांच्या उत्तराला माना डोलावल्या."

"आणि माझी गाडी?" साहेबांनी हळूच विचारलं.

"साहेब, किल्ली रेडिओच्या लहरी सोडते, फोन नुसता आवाज नेतो. वहिनींनी मनापासूनच दाबलं होतं. आज घरी गेल्यावर तेवढं सांगा." हशा ओसरू दिला आणि मग ती म्हणाली, "घंटेचा वायरमन कधी येतोय?"

"आज," साहेब म्हणाले. "आत्ता."

ती बाकावर चढली नाही, आवाजही चढवला नाही. "फोन चांगला आहे. भरून ठेवा, आतल्या खिशात अंगाशी ठेवा, एकशेबारा लक्षात ठेवा. पण जीव वाचवणारी कुठलीही गोष्ट कुणी सांगतो म्हणून मानू नका. संकट नसताना एकदा करून बघा. चालली तर आपली. नाही चालली, तर ते आजच कळलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबरच्या बाहेर अख्खी पाळी गोळा झाली होती. दांड्यावरचा बर्फ काढला होता, बिजागऱ्यांना तेल दिलं होतं. आज आत जाणार होता तो भाऊ. तिनं कानटोपी त्याच्या डोक्यावर बसवली. ती त्याला जरा सैल झाली.

दार लागलं. तिनं कडीवर हात ठेवला. मावशींसकट सगळ्यांनी दारावरच्या घंटेकडे माना वळवल्या.

मग घंटा वाजली. जोरात, कर्कश, कान किटवणारी. पूर्वी घरी जेवताना वडील ह्या घंटेची तक्रार करायचे, "फार ओरडते लेकाची, पण ओरडायलाच ठेवलीय." ती क्षणभर तशीच ऐकत राहिली, आणि मग तिनं दार उघडलं.