घंगाळावर उरलेली जागा

कुरुळीच्या जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत गावाचं संग्रहालय निघालं, तेव्हा कौशल्याबाईंनी त्याला भंगाराचं दुकान म्हटलं होतं. मोट, पाभर, फुटक्या काचेचा कंदील आणि गावातला पहिला माणूस कंपनीत लागला त्याचं पिवळं हेल्मेट. "जे आमी माळ्यावर टाकलं, ते बघाया आता तिकीट काढायचं का?" तिकीट नव्हतंच, पण बोलून बरं वाटलं.

मग त्यांच्या धाकट्या जावेनं, इंद्रायणीनं, तिथं जातं दिलं.

वाटण्या झाल्या तेव्हा जातं धाकटीकडे गेलं आणि सासूचं तांब्याचं घंगाळ, आंघोळीचं पाणी काढायचं, थोरलीकडे आलं. तांबं मोडीत तरी जातं, दगडाचं काय करायचं, म्हणून कौशल्याबाई तेव्हा मनातून खूश होत्या. आता त्याच दगडाला टाळ्या पडायला लागल्या.

गावातलाच ज्ञानेश ताथवड्याच्या कॉलेजात शिकवायचा. संग्रहालय चालवणारं इतिहास मंडळ त्यानंच काढलेलं. शनिवारी तो पोरांना घेऊन यायचा. इंद्रायणी नऊवारी नेसून जात्यापाशी बसायची. (एरवी ती दिवसभर गाऊनवर असते, हे कौशल्याबाईंना एकेका पोराला धरून सांगावंसं वाटे.) मूठभर ज्वारी टाकायची, ओवी म्हणायची आणि पोरं मोबाइल वर धरायची. मागच्या भिंतीवर चिठ्ठी. तिच्यावर जाड अक्षरात इंद्रायणीचं नाव, एकटीचं.

काळेवाडीला दिलेली लेक वर्षाराणी, तिचाही फोन आला. "आई, काकूचा व्हिडिओ बघितलास? काय गोड आवाज गं!"

"लाइट गेलीय," म्हणून कौशल्याबाईंनी फोन ठेवला. डोक्यावर पंखा फिरत होता.

आवाजाचं त्यांना काही नव्हतं. सलत होती ती चिठ्ठी. त्या जात्याचा खुंटा दोघींनी धरलेला होता, समोरासमोर पाय पसरून, निम्मी झोप डोळ्यांत घेऊन. आणि नावाचंच म्हणाल, तर जमीन कंपनीला गेली तेव्हा कागदावर नवऱ्याचं, सोपानरावांचं नाव होतं. भाड्याच्या खोल्यांवर पाटी मुलाची. बंगल्याचं नाव 'आरोही'. नातीवर राग नव्हता, पोर गोड होती. पण एवढ्या भिंती बांधल्या, त्यातल्या एकीवर तरी कौशल्या असावं, एवढंच.

त्यांनी माळ्यावरून घंगाळ काढलं. काळंहिरवं पडलेलं. चिंच-मिठानं भागेना, तेव्हा भाच्याच्या गाळ्यात नेलं. तिथं मोटारींच्या पार्टना पॉलिश करतात. भाच्यानं मशिनवर धरलं आणि घंगाळ असं निघालं की कौशल्याबाईंना त्यात आपले पांढरे केस मोजता आले असते. तिथून चाकणला, भांड्यांच्या दुकानात. काठाखाली सासूचं नाव होतंच, 'सौ. तानाबाई बाळाजी'.

"शेजारी जागा आहे, मावशी. इथं घालू का?" दुकानदारानं मशिनची सुई टेकवत विचारलं.

"नगं. सासूच्या मांडीला मांडी लावून बसू का? खाली घाल."

ठिपक्याठिपक्यांनी त्यानं खाली 'सौ. कौशल्या सोपानराव' असं कोरलं.

ज्ञानेशनं घंगाळाच्या काठावरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "काकू, हे घासलं?"

"घासलं न्हाई, बफिंग केलं."

"अहो, जुनी वस्तू जुनी दिसायला पाहिजे. आता लोक म्हणतील, परवा बाजारातून आणली. आणि हे नाव..."

"मग काळं भांडं दुसऱ्याच्या दारी न्यायचं? आमची सासू वरून खाली आली आसती मारायला!"

"मंडळाच्या बैठकीत बघू," असं म्हणून ज्ञानेशनं घंगाळ दाराआड ठेवलं. चिठ्ठी लावली नाही.

पुढच्या शनिवारी कौशल्याबाई सहज म्हणून गेल्या. सहज जाताना नवी साडी नेसल्या होत्या. पोरं जमली होती. इंद्रायणी जात्याकडे निघाली आणि दाराआडची चकाकी बघून थांबली. वाकून दोन्ही नावं वाचली. थोरलीकडे एकदा बघितलं. मग बसली, खुंटा धरला आणि ओवी म्हटली:

घंगाळाला घाली नाव, माझी थोरली जाऊबाई
चुलीपाशी खाल्ला धूर, तिचं नाव कुठं न्हाई

पोरांनी माना डोलावल्या. कौशल्याबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला, समोर जाऊन मांडी घातली आणि इंद्रायणीच्या हातावर हात ठेवून खुंटा असा ओढला की जातं करकरलं.

जात्यापाशी बसे राणी, चिठ्ठी लावी एकलीची
खुंट्याला गं मुठी दोन, एक मूठ थोरलीची

मग दोघी काही गायल्या नाहीत, नुसत्या ओढत राहिल्या. एक जोरात, दुसरी त्याहून जोरात. पीठ दोघींच्या साड्यांवर उडालं. आणि दोन-चार फेऱ्यांनी हात आपोआप जुन्या लयीत आले. त्याचाही दोघींना रागच आला असावा.

"सर, या ओव्या किती जुन्या आहेत?" एका मुलीनं विचारलं.

ज्ञानेशनं दोघींकडे बघितलं.

"आत्ताच्या हायेत," इंद्रायणी धापा टाकत म्हणाली. "गरम हायेत."

पोरं हसत बाहेर गेल्यावर ज्ञानेशनं घंगाळ उचलून जात्याशेजारी आणलं आणि पेन काढलं. "चिठ्ठीवर काय लिहू?"

"जात्यावर दोघींची नावं. आन् थोरलीचं आधी," कौशल्याबाई म्हणाल्या.

"जातं माज्या वाटणीचं हाय, आक्का."

"आन् खुंटा?"

इंद्रायणीनं पदरावरचं पीठ झटकलं. जरा वेळ झटकतच राहिली. "लिही बाबा, दोघींची लिही. पण मग घंगाळावर माजं बी पायजे. पाणी कोण तापवत हुतं?"

"घंगाळावर जागा न्हाई."

"हाय की! सासूबाईंच्या शेजारी केवढी मोकळी हाय."

ती जागा कौशल्याबाईंनी स्वतःच सोडली होती.

सोमवारी दोघी शेअर रिक्षानं चाकणला गेल्या. घंगाळ दोघींच्या मांडीवर, एकेक कडी एकेकीच्या हातात. इंद्रायणी दुकानात स्टीलचे डबे उघडून बघत होती, तेवढ्यात कौशल्याबाई दुकानदाराकडे वाकल्या.

"दादा, अक्षर जरा बारीक काढ."

"बारीकच काढतो, मावशी. पण नाव मोठं आहे. लांबपर्यंत जाणार."

मशिन घरघरत राहिलं. थांबल्यावर कौशल्याबाईंनी घंगाळ उजेडात धरलं. नाव खरंच लांबपर्यंत गेलं होतं, पार कडीपर्यंत.

"कसं दिसतंय, आक्का?" इंद्रायणीनं मागून विचारलं.

"दिसतंय," कौशल्याबाई म्हणाल्या आणि पदरानं पुसायला लागल्या. आधी स्वतःचं नाव पुसलं. मग तिचंही.