बुजवलेला झरोका

मी एक जुना झरोका आहे, आणि मित्रांनो, मी भित्रा आहे हे आधीच सांगून टाकतो. रायपूरच्या बुढापारा वस्तीत, तलावाकडे जाणाऱ्या एका अरुंद गल्लीत धर्मपालजींचे दोन खोल्यांचे घर आहे. त्यातल्या आतल्या खोलीत, भिंतीच्या पार वरच्या टोकाला मी बसलो आहे. या घरात मला झरोका कोणीच म्हणत नाही, सगळे रोशनदान म्हणतात. म्हणोत बापडे!

हे घर बांधणाऱ्या नरहर मिस्त्रींनी माझी चौकट साल वृक्षाच्या लाकडाची केली आणि गोलबाजारातून आणलेली काच माझ्या झडपेत बसवली. झडप मधोमध दोन खिळ्यांवर फिरते. तिच्या वरच्या कडेला लोखंडी कडी आहे. कडीला बांधलेली दोरी ओढली की मी उघडतो. एवढेच माझे यंत्र, पण मला त्याचा कोण अभिमान होता!

माझे काम तुम्हाला सोपे वाटेल. गरम हवा हलकी असते, ती वर चढते. खोलीतली वापरलेली, उबलेली हवा माझ्यापर्यंत येते आणि माझ्यातून बाहेर पडते. तिच्या जागी दाराच्या फटीतून ताजी हवा आत शिरते. ताज्या हवेच्या पाच भागांत साधारण एक भाग प्राणवायू असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. त्या एका भागावर तुम्ही जगता आणि चुलीतला विस्तवही जगतो. पृथ्वीभोवती हवेचे पांघरूण आहे खरे, पण त्यातला श्वास घेण्याजोगा थर फार पातळ आहे. हे जेव्हा जेव्हा माझ्या मनात येते तेव्हा मला धडकी भरते.

धर्मपालजी रेल्वेत नोकरीला. त्यांची पत्नी कांताबाई मूळची भंडाऱ्याकडची. पिंकी आणि प्रशिक ही त्यांची दोन्ही मुले माझ्याच खाली जन्मली. बाळंतिणीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवायची, तिच्यावर ओवा टाकायचा आणि बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा, ही कांताबाईंच्या माहेरची रीत. ओव्याचा धूर माझ्यापर्यंत यायचा आणि मी त्याला वाट करून द्यायचो. बाळे गुटगुटीत झाली, कौतुक मात्र शेगडीचे झाले. माझ्याकडे मान वर करून कोण बघतो!

पुढे हवा बदलू लागली. शहराच्या उत्तरेला कारखान्यांची धुरांडी वाढली, रस्त्यावर गाड्या वाढल्या. सकाळी गच्चीवर अनवाणी गेले की तळपाय काळे व्हायचे. कांताबाई झाडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हिवाळ्यात तर माझा जीव मुठीत असे. थंडीत जमिनीजवळची हवा गार आणि जड होते, तिच्या वर उबदार हवेचे झाकण बसते. मग धूर वर जाऊच शकत नाही, गल्लीतच घुटमळत राहतो. अवघ्या शहराचा झरोका कोणीतरी बंद करावा, तसे ते वाटते.

गेल्या हिवाळ्यात पिंकी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. कांताबाईंनी बाळाचे पांढरे लंगोट गच्चीवर वाळत घातले आणि संध्याकाळी काढायला गेल्या, तर त्यांवर काळी भुकटी. त्या तशाच खाली आल्या.

"पाह्य वं पिंके, हे पाह्य! हे लंगोट लेकराले घालू का मी? आन् हेच तिच्या छातीत जाऊन राह्यलं."

प्रशिकने माझ्याकडे बोट दाखवले. "आई, सब इसी रोशनदान से आ रहा है। इसको पैक कर देता हूँ।"

"अरे, थोडी तं हवा राहू दे," धर्मपालजी म्हणाले.

"हवा कुठं हाय जी? कोळसाच हाय सारा," कांताबाई म्हणाल्या.

त्यांचे काय चुकले, सांगा? नातीच्या काळजीनेच बोलत होत्या त्या. प्रशिक शिडीवर चढला. त्याने माझ्या फटींत जुन्या दुपट्याचे बोळे कोंबले आणि वरून प्लास्टिक ताणून चिकटपट्टी लावली. दाराखालची फटसुद्धा गोधडीने बंद केली. आता लंगोट घरातच वाळवायचे म्हणून खोलीत दोरी बांधली. तिचे एक टोक समोरच्या भिंतीतल्या, हात पोहोचेल अशा खिळ्याला आणि दुसरे प्लास्टिकबाहेर राहिलेल्या माझ्या कडीला. रोशनदान उघडायचे नव्हतेच, मग जुनी दोरी सोडल्यावर कडी रिकामीच होती की!

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाईंनी पेटलेली शेगडी आत आणली तेव्हा मी शहारलो. कोळसे जळायला प्राणवायू लागतो. तो कमी पडला की निखारे एक विषारी वायू सोडतात. त्याला ना रंग, ना वास. काळी भुकटी निदान बोटाला लागते, दिसते. हा वायू गुपचूप रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. कांताबाईंनी काळी हवा बाहेर ठेवली होती आणि न दिसणारी हवा स्वतःच्या हाताने आत कोंडली होती. मला ओरडायचे होते. पण बोळे कोंबलेला झरोका साधा करकरतही नाही.

धर्मपालजी ड्यूटीवर गेले, प्रशिकही बाहेर पडला. कांताबाईंनी बाळाला न्हाऊ घालून पाळण्यात ठेवले, शेगडीवर ओवा टाकला आणि दार ओढून घेऊन त्या डिंकाचे लाडू वळायला बाहेरच्या खोलीत बसल्या. ओव्याचा धूर माझ्यापर्यंत आला, वाट शोधत काचेवर घासला आणि परत खाली वळला. मी भीतीने गारठून गेलो.

थोड्या वेळाने पिंकीने हाक दिली, "आई, डोकं लय दुखून राह्यलं. मले गरगर करते."

"बाळंतिणीले होतेच असं. पड चुपचाप. लाडू झाले की आलीच मी."

पिंकी पडून राहिली. बाळ रोज या वेळी भुकेने टाहो फोडायचे. आज ते गप्प होते. त्याचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. ते गप्प राहणे मी वरून पाहत होतो आणि मला ते सहन होत नव्हते. रड, बाळा, रड! मी मनातल्या मनात किती विनवण्या केल्या.

पिंकीलाही ते जाणवले असावे. ती उठली. पाळण्याकडे एक पाऊल टाकले आणि तिचा तोल गेला. पडता पडता तिने हाताला लागले ते धरले. ती लंगोटांची दोरी होती.

तिचा सगळा भार माझ्या कडीवर आला. चिकटपट्टी टरकन फाटली, बोळे निघाले आणि माझी झडप धाडकन उघडली. जुनी काच चौकटीतून निसटून फरशीवर फुटली. बाळ पलीकडे होते, नशीब!

आवाज ऐकून कांताबाई धावत आल्या. दार उघडले. लेक जमिनीवर, नात निपचित.

"अगं माय! लेकरू काहून हालत नाही वं?"

त्यांनी बाळाला उचलले, पिंकीला काखेत धरून फरफटत दाराबाहेर आणले. शेजारचे श्यामराव धावून आले. त्यांनी शेगडी अंगणात नेली. बाहेरच्या त्याच धुरकट, काळ्या हवेत बाळाने अंग ताणले, आणि मग ते रडले. एवढा गोड आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

दवाखान्यात दोघींना प्राणवायू लावला. दोघी घरी आल्या तेव्हा कांताबाईंनी माझ्याखाली उभे राहून मान वर केली.

"दोन लेकरं याच शेगडीवर वाढवली," त्या धर्मपालजींना म्हणाल्या. "तवा हे उघडं होतं, हे ध्यानातच नाही आलं."

शेगडी आता खोलीत येत नाही. प्रशिकने मला नवी काच बसवली, नवी दोरी बांधली. मी उघडा असतो. रोज सकाळी कांताबाई स्टुलावर चढून ओल्या फडक्याने माझी चौकट पुसतात. फडके काळे होते. त्या ते बघतात, मग पाळण्याकडे बघतात. रात्री बाळ खोकले की त्या दचकून उठतात, आणि मीही दचकतो. ती काळी भुकटी माझ्यातूनच आत आली ना?

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो. आत विस्तव असेल तर मला कधी बुजवू नका. पण उघडे ठेवायलाही भीती वाटावी, अशी हवा माझ्या बाहेर करू नका. कचरा जाळू नका, झाडे तोडू नका, धूर ओकणाऱ्या धुरांड्यांबद्दल मोठ्यांना प्रश्न विचारा. त्या सकाळी खोलीतली हवा बिघडली तेव्हा पिंकीच्या हाताला एक दोरी लागली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा होती. साऱ्या पृथ्वीची हवा बिघडली, तर पृथ्वीच्या बाहेर दुसरी हवा कुठे आहे? तेव्हा तुम्ही कोणती दोरी ओढाल?