दोन गाठींच्या वायरी

कुलदीपचा भुताखेतांवर विश्वास नव्हता आणि दुसऱ्याने केलेल्या वायरिंगवर तर त्याहून नव्हता. भोसरीत गाड्यांना इंजिन सांभाळणारा बाहेरचा कॉम्प्युटर बसवून देणारे जे मोजके कारागीर होते, त्यांत हा सगळ्यात तिरसट. कुणी म्हणालं, गाडीला काही बाधा झालीय, की हा म्हणायचा, "आधी अर्थिंग बघू, मग देवऋषी बघू."

कुरुळीहून तनुजाचा फोन आला तेव्हाही तो हेच बोलून बसला आणि मग त्याने जीभ चावली. कारण गाडी रविराजची होती. तनुजाचा नवरा रविराज त्याचा जुना दोस्त. ढलाईच्या कारखान्यात राबून उरलेला जीव एका जुन्या पेट्रोल जीपमध्ये ओतणारा. कारखान्याची धूळ छातीत बसली आणि ऐन उमेदीत माणूस गेला. आजारपणातच त्याने जीपला नवा कॉम्प्युटर जोडला होता, पण इंजिन चालू करून बघायचं काही त्याच्या नशिबी नव्हतं.

"तेराव्यानंतर मी चावी फिरवली भाऊजी," तनुजा सांगत होती, "तर उभ्या जागी गाडीचा आवाज वरखाली व्हायला लागला. तेव्हापासून अण्णा रोज शेडात जातात, दार लावून घेतात आणि ती चालू करून आत बसतात. परवा बेशुद्ध सापडले. धुराने एक दिवस जातील ते. तेवढं वरखाली होणं थांबवा, म्हणजे त्यांचं बसणंही थांबेल."

या दोन गोष्टींचा संबंध काय, ते कुलदीपला कळेना. दुपारी शेडात पोचून त्याने चावी फिरवली तेव्हा कळलं.

इंजिन चढायचं, उतरायचं. दोनदा लांबलचक. तिसऱ्यांदा मध्येच अडकायचं, आता विझलंच असं वाटेपर्यंत थांबायचं आणि कुठून तरी ओढून आणल्यासारखं पुन्हा चढायचं. रविराजच्या उशाशी जो बसला असेल त्याला हा श्वास ओळखू आला असता. कुलदीप बसला होता.

शेजारच्या सीटवर अण्णा, म्हणजे रविराजचे वडील मारुतराव, डोळे मिटून बसले होते. "ऐकलंस न्हवं?" ते म्हणाले. "आता हे दुरुस्त कराया आलास व्हय?"

"अण्णा, हा हवेचा व्हॉल्व्ह आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला लागेल तेवढी हवा हा देतो. उघड-मीट कॉम्प्युटर सांगतो. सांगण्यात घोळ झाला की इंजिन असे झोके घेतं. बाकी काही नाही."

"तू म्हंतोस तर आसंल," म्हातारा म्हणाला आणि जागचा हलला नाही.

कुलदीपने शेडाची दारं सताड उघडली. बाहेर चाकणकडे कंटेनर चालले होते. त्याने व्हॉल्व्हची नळी काढली आणि तिच्या तोंडावर अंगठा ठेवला. मीटर नंतर, अंगठा आधी, ही त्याची रीत. अंगठा आत ओढला गेला. ठीकच होतं, इंजिन हवा ओढणारच. मग ओढ सुटली आणि अंगठ्याखालून कोमट फुंकर बाहेर आली.

इंजिन त्या वाटेने हवा सोडत नाही. कधी उलटा भडका होतो, पण त्याला दणका असतो, पेट्रोलचा वास असतो. या फुंकरीला लवंगेचा वास होता. खोकला दाबायला रविराज दिवसभर दाढेखाली लवंग धरायचा. कुलदीपने अंगठा पँटला पुसला आणि घाबरलेला कारागीर जे करतो तेच केलं. मान खाली घालून कामाला लागला.

कॉम्प्युटरकडून व्हॉल्व्हकडे चार वायरी गेल्या होत्या, चारही काळ्या. भंगारातून आणलेली वायर, तिला रंगांची चैन कुठली? ओळखीसाठी रविराजने दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्या. एकीला एक, एकीला तीन आणि उरलेल्या दोघींना दोन-दोन. आजारी हाताकडून चूक झाली होती. मीटर लावल्यावर दिसलं, नेमक्या त्याच दोन वायरी अदलाबदल होऊन बसल्या होत्या. चूक सापडल्याचा कुलदीपला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. गाडीत मित्र नव्हता, मित्राची चूक होती.

"अण्णा, बदलतो मी वायरी."

तापलेल्या पोराच्या छातीवर ठेवावा तसा मारुतरावांनी डॅशबोर्डवर हात ठेवला.

इंजिन पुन्हा चालू झालं ते एका सुरात, कुठेही न अडकता. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "गेला," ते म्हणाले. कुलदीपला आपण खाटकाचं काम केलंय असं वाटलं.

"झालं वहिनी," दारात उभ्या तनुजाला तो म्हणाला आणि चावी फिरवून काढून घेतली. इंजिन बंद पडलं.

मग बॉनेटखालून आवाज आला. लांब. पुन्हा लांब. मग एक अडकलेला.

चावी कुलदीपच्या मुठीत होती. त्याने घाईघाईने बॅटरीची वायरही उपटली. श्वास चालूच राहिला आणि शेडभर लवंगेचा वास पसरला.

"इंजनाच्या घरघरीत धड ऐकाया येत न्हवतं," मारुतराव डोळे न उघडता म्हणाले. "आता धूर बी न्हाई."

कुलदीपने तनुजाकडे पाहिलं. ती त्याच्या शेजारून पुढे गेली, ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली आणि दोन्ही हात मांडीत घेऊन ऐकू लागली.

"भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली, "जाताना शेडाचं दार तेवढं ओढून घ्या."