उचललेला हात, उतरलेला आकडा

“एकशे शहाण्णव!”

गावठी वैद्य, तबीब एशिमकुल याने आकडा असा पुकारला, जणू बाजारात घोडा विकायला काढलाय. सभागृहात सगळं गाव लोटलेलं, पण कुणी खोकेना. खुर्चीत बसलेल्या उलकानच्या तोंडचं पाणी पळालं. तिची सून बेगिमाय सात महिन्यांच्या लेकीला छातीशी धरून भिंतीला टेकली होती. तिने ओठ घट्ट मिटले.

“हे रक्त नव्हे बायांनो, हा पूर आहे पूर!” तबीब गरजला. “ती दवाखान्यातली नर्स काय सांगते? शंभरांत वीस! अगं, पण त्या वीस कोण ते सांग ना! मी नाव घेऊन सांगतो. उलकान, पुढचा बर्फ तू बघणार नाहीस.”

मागे कुणीतरी हुंदका दिला. तबीबाने सरोवराच्या तळातून आणलेल्या म्हणे काळ्या दगडाचं कडं उलकानच्या उजव्या हातात चढवलं. डाव्या मनगटावर बीपीचं मशीन होतंच.

“आता दुआ माग. दोन्ही हात वर. कपाळाच्याही वर, अंग चोरू नकोस!”

मशीन गुरगुरलं. थांबलं.

“एकशे अडतीस!”

सभागृह दणाणलं. एका कड्याला एक मेंढी असा भाव होता; बाहेरच्या कुंपणात बें बें वाढतच चालली होती.

बेगिमायला मात्र घरातलं सासूच्या गोळ्यांचं पाकीट दिसत होतं. पाच दिवस त्यातली एकही गोळी कमी झालेली नव्हती. रोज सकाळी ती चोरून मोजायची. तिची स्वतःची आई एक्कावन्नाव्या वर्षी अशाच एका सकाळी तंदूरपाशी कोसळली होती. “डोकं जरा दुखतंय,” एवढंच म्हणाली होती. नान तंदूरला चिकटून कोळसा झाले, तरी कुणाला आठवण राहिली नाही.

गेल्या महिन्यात नर्स नुरिला रंगीत तक्ता घेऊन घरी आली होती. वय चौसष्ट, दाब एकशे अडुसष्ट, साखर वाढलेली, असं करत तिचं बोट लाल चौकटीवर थांबलं. “उलकानआपा, तुमच्यासारख्या शंभर बायका घेतल्या, तर दहा वर्षांत वीसेक जणींना हृदयाचा नाहीतर मेंदूचा झटका येतो.”

“मी त्या विसांत आहे का ते बोल!”

“ते मला नाही कळत.”

“मग तुझ्यापेक्षा तबीब बरा,” सासूने निकाल लावला होता.

माणसाला खरं ‘माहीत नाही’ पचत नाही. खोटं ‘माहीत आहे’ मात्र मेंढी देऊनही गोड लागतं.

बेगिमाय सकाळपासून बघत होती. अकरा जण खुर्चीत बसले. पहिल्या मापाला अकराही जणांचा हात तबीबाने खुर्चीखाली लोंबता सोडायला लावला, “दुखणं खाली उतरू दे” म्हणून. दुसऱ्या मापाला अकराही हात दुआसाठी वर. नुरिलाने तर शिकवलं होतं: पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर, मनगट काळजाच्या उंचीला.

तिने लेक शेजारणीकडे दिली आणि पुढे झाली. सभेत थोरांपुढे सुनेने तोंड उघडायचं नाही, हे तिला ठाऊक होतं.

“माझंही बघा.”

तबीब खुलला. “ये पोरी! हात सोड खाली.” मशीन बोललं. “एकशे सेहेचाळीस! या वयात? दूध पाजणारी आई तू! पाच वर्षं, फार तर सहा!”

बेगिमाय हलली नाही. “कडं नको. मी नुसते हात उचलते.”

“दगडाविना? मरायचंय का?”

“बघू तरी.”

तिने हात कपाळावर नेले. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या शेरालीने डोळे बारीक करून आकडा वाचला. “ब्याण्णव! अरेच्चा, दगडाशिवाय?”

मग तिने मनगट छातीशी धरलं. एकशे सोळा.

“एक बाई, तीन आकडे,” बेगिमायचा आवाज आता चढला. “शेरालीआबा, तुमच्या वरच्या आळीत नळाला धार कशी येते?”

“धार कसली! नळ रडतो नुसता. खालच्या आळीत मात्र बादली हातातून उडते.”

“पाणी एकच, टाकी एकच. मनगट काळजाच्या खाली गेलं की आकडा चढतो, वर गेलं की उतरतो. दगड बिचारा नुसता बसलाय!”

“हिची श्रद्धा नाही!” तबीब किंचाळला. “म्हणून मशीन फिरलं!”

“एनेची तर आहे ना?” ती सासूकडे वळली. “एने, कडं राहू द्या. हात फक्त खाली सोडा.”

उलकानने सुनेला डोळ्यांनी भाजून काढलं. पण हात सोडला. कडं हातात असताना एकशे चौऱ्याण्णव. मग टेबलावर, काळजाच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प: एकशे बाहत्तर.

“म्हणजे काहीच उतरलं नव्हतं,” उलकान पुटपुटली.

“अरे, माझी मेंढी!” मागून कोणी ओरडलं, आणि सगळं गाव कुंपणाकडे धावलं. तबीब मशीन न घेताच मागच्या दाराने पसार झाला.

घरी आल्यावर उलकान म्हणाली, “चारचौघांत अब्रू काढलीस माझी.”

“हो, एने.”

“त्या विसांत मी आहे का गं?”

“माहीत नाही. नुरिलालाही नाही, त्या भामट्याला तर नाहीच. पण गोळी रोज घेतली, मीठ आवरलं, तर विसाचे पंधरा होतात, कदाचित आणखी कमी. तबीब तुमचं मरण सांगत होता. तक्ता काय करायचं ते सांगतो.”

उलकानने पाकीट ओढलं, गोळी तोंडात टाकली आणि एरवी मीठ घालून प्यायच्या त्या चहाचा घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

“मीठच नाही यात!”

“नाही,” बेगिमाय म्हणाली, “आणि मिळणारही नाही.”

कुणी तुमचं भविष्य आकड्यात दाखवलं, तर आधी विचारा: मोजताना हात कुठे होता?