रेंजच्या टेकडीवरची विहीर

आमच्या पाड्यावर विहीर खणायची तर आधी नकाशाला विचारावं लागतं. पूर्वी पाणाड्या हातावर नारळ घेऊन फिरायचा. आता माणसं मोबाईल घेऊन फिरतात. प्रगती आहे, मान्य करायलाच हवी.

जनीला विहीर हवी होती. ओढ्यातला खड्डा वाटीनं उपसून हंडा भरता भरता तिची कंबर गेली होती. तिच्या नवऱ्यानं, नवसूनं, भाताच्या खाचराकडेला जागा हेरली आणि फोटो काढला. पण रेंज? ती बाईसाहेब खर्डी गाव सोडून इकडे येत नाही. भेटायचं तर टेकडीच्या माथ्यावर जावं लागतं. नवसू चढला, परवानगीच्या सरकारी ॲपवर फोटो पाठवला. ॲपनं जिथं रेंज मिळाली तिथंच नकाशावर टाचणी टोचली. तालुक्याहून झटपट परवानगी आली: विहीर टेकडीच्या माथ्यावर, अखंड कातळात.

दुरुस्ती मागितली. उत्तर आलं, 'योग्य जागेवरून पुन्हा फोटो पाठवा.' नवसू पुन्हा टेकडी चढला. ॲप बिचारं शब्दाला पक्कं; टाचणी तसूभर हलली नाही.

शेवटी दोघांनी खाचराकडेलाच खणलं. सगळा पाडा मदतीला होता. पाणी लागलं, गोडही लागलं, आणि लगेच तपासणीचे साहेब मागे लागले.

"परवानगी वर, विहीर खाली. बेकायदा आहे. बुजवावी लागेल."

जनीनं विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. "साहेब, वर नुसता खडक हाय. तुमीच खणून दाखवा ना."

मला तर साहेबांनाच विहिरीत सोडावंसं वाटलं. पण पाणी नासलं असतं.

साहेबांनी तोच तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि पुरावा म्हणून विहिरीचा फोटो काढला. पाठवायला गेले तर रेंज नाही.

"वर मिळल," नवसूनं बोट दाखवलं.

साहेब निघाले, मागोमाग आम्ही सगळे. माथ्यावर पोहोचून घामाघूम साहेबांनी फोटो पाठवला. मोबाईल टिंगकन वाजला. हिरवी खूण आली: 'विहीर मंजूर जागेवर पूर्ण. पाणी आहे. तपासणी संपली.'

साहेब आधी मोबाईलकडे बघत राहिले, मग पायाखालच्या कातळाकडे.

"आता हे रद्द होत नाही," ते पुटपुटले. "नोंद झाली."

जनीला एकदम रडू फुटलं, मग हसू. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे साहेब. विहीर वरच असू दे. आमी पाणी खाली भरू."